डॉलरला करमाफी नाही, मग फरक कशाचा?

समजा, डोंबिवलीतली एक सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरचा अभियंता सकाळी गर्दीत लोकल पकडून ठाण्याला नोकरीवर जातो. चौथ्या मजल्यावरची अभियंता रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडते आणि अमेरिकेतल्या कंपनीसाठी कन्सल्टंट म्हणून काम करते. दोघांची वर्षाची कमाई 24 लाख. कर मात्र सारखा नाही. तो का, यावर गच्चीत ऐकू येणारी कारणं बहुतेक चुकीची असतात.

गैरसमज: डॉलरमध्ये आलेल्या पैशाला कर नाही.
वस्तुस्थिती: आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी ठरतो आणि सर्वसाधारणपणे त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. परदेशी कंपनी टीडीएस कापत नाही, एवढंच. कर आपला आपण भरायचा.

गैरसमज: परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांना सरकारने खास सवलत दिली आहे.
वस्तुस्थिती: सवलत आहे, पण ती व्यावसायिकांना. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 44एडीएनुसार अभियंते, डॉक्टर, वकील, सीए अशा ठरावीक व्यावसायिकांनी एकूण मिळकतीच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा 50 लाखांची; रोखीचा वाटा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांची. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असो की वागळे इस्टेटमधलं, नियम एकच.

गैरसमज: फरक किरकोळ असतो.
वस्तुस्थिती: आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. चौथ्या मजल्यावर 24 लाखांचे निम्मे, म्हणजे 12 लाख उत्पन्न. त्यावर रिबेट मिळून कर शून्य. तिसऱ्या मजल्यावर 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन उरले 23.25 लाख, त्यावर उपकरासह कर 2,92,500 रुपये.

गैरसमज: मग नोकरदारानेही कागदोपत्री कन्सल्टंट व्हावं.
वस्तुस्थिती: कामाचे तास, रजा आणि हुकूम कंपनीचाच असेल, तर आयकर खातं त्या पैशाला पगार ठरवू शकतं. शिवाय खऱ्या कन्सल्टंटला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही.

गैरसमज: सगळे देश व्यावसायिकांना अशीच सवलत देतात.
वस्तुस्थिती: स्पेन बाहेरून येणाऱ्या पात्र कर्मचाऱ्यांना 6 लाख युरोंपर्यंतच्या कमाईवर सरसकट 24 टक्के दर देतो. ती सवलत खरोखर पाहुण्यांसाठी आहे. पोर्तुगालने अशीच जुनी योजना 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केली.

तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या डॉलरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. लॅपटॉप, वीज आणि इंटरनेटचा खर्च 12 लाख होत नाही, आणि लोकलच्या पासाची किंमत 75,000 च्या वजावटीत धरून मोकळं होता येत नाही. नोकरदाराने मागणी करायचीच असेल, तर ती या दोन आकड्यांमधली दरी कमी करण्याची करावी.