सामाजिक आळसाची संकल्पना आणि मालवण किनाऱ्यावरील रापण

समूहात काम करताना व्यक्तीचे प्रयत्न वाढतात की घटतात, हा सामाजिक मानसशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदींवरून इतरांच्या सोबतीने वेग वाढतो असे मांडले. या परिणामास पुढे ‘सामाजिक सुलभीकरण’ असे नाव मिळाले. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांचे १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र उलट होते. एकत्र ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर घटे. आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर येई.

ही घट सर्वस्वी आळसाची नव्हे. सर्वांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हेही तिचे कारण असते. १९७४ मध्ये अ‍ॅलन इंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या व्यक्तीस मागे इतर जण दोर ओढत आहेत असे केवळ भासविले, तरीही जोर घटला. येथे समन्वयाचा प्रश्नच नव्हता; घट प्रेरणेतील होती. बिब लटाने, किपलिंग विल्यम्स व स्टीफन हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या वाजविण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतून तिचा अभ्यास करून तिला ‘सामाजिक आळस’ म्हटले.

सिंधुदुर्गात दोर ओढण्याचे हेच काम प्रयोगशाळेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रापणीत होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन बाजूंना उभी राहिलेली माणसे ते ओढून घेतात. माणसे पुष्कळ, मासळी एकत्र, आणि कोणाच्या जोराने किती बांगडा आला याचा हिशेब अशक्य. सामाजिक आळसास याहून पोषक परिस्थिती सुचणे कठीण.

तरीही रापण टिकली. स्टीव्हन करौ व विल्यम्स यांनी १९९३ मध्ये ७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. गट मोलाचा वाटत असेल, काम अर्थपूर्ण असेल आणि स्वतःचे काम वेगळे ओळखू येत असेल, तर आळस कमी होतो, असे त्यातून दिसले. रापणीत जोर मोजत नाहीत. पण शेजारी ओढणारा नात्यातला वा वाडीतला असतो, ढिला हात त्याला कळतो. मासळीचे वाटे होतात, आणि पुढच्या खेपेसही त्याच माणसांबरोबर दोर धरायचा असतो. प्रयोगातील विद्यार्थ्यांस अशी पुढची खेप नव्हती. पाठ्यपुस्तकांत या भेदाकडे सहसा दुर्लक्षच होते.

रापणीवरील संकट समुद्राकडून आले. ट्रॉलर व पर्ससीन नौकांशी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष दीर्घकाळ चालू आहे. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा शासनादेश आणि अधिनियमातील २०२१ ची सुधारणा या पार्श्वभूमीवरच वाचाव्या लागतात. या साऱ्या चर्चेत मासळी व जाळी मोजली जातात, ओढणारा गट मोजला जात नाही. वाटा आटला की तरुण दुसरा रोजगार शोधतात. त्यांच्या जागी रोजंदारीवरचे अनोळखी हात आले, तर नाते, वाटा आणि पुढची खेप हे आळसाला आवर घालणारे तिन्ही घटक एकदमच निसटतात. अशा वेळी दोर ढिला पडला, तर दोष मजुराच्या कामचुकार स्वभावास दिला जाण्याचा संभव अधिक. परिस्थितीचा परिणाम व्यक्तीच्या स्वभावास चिकटविण्याच्या या प्रवृत्तीस ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ असे नाव दिले.