नांगर कुठे टाकायचा? पुलगाव ते सिरोंचा, आणि बोटीवरची रात्र

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे इअरफोन परत एकदा पँटसोबत धुण्यात गेले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

या वेळचा प्रश्न आपल्या एका ऐकणाऱ्या मित्राचा. तो म्हणतो, "भाऊ, पुलगावला पुलाखाली वर्धा नदी आहे. तीच नदी पुढे जाऊन सिरोंचाला पोहोचते. मग आपण चार जण एक बोट घेऊन, आरामात, रात्री कुठेतरी थांबत थांबत सिरोंचापर्यंत का नाही जाऊ शकत? युट्यूबवर गोरे लोक तर करतात."

मी देवळीचा. पुलगाव आमच्याच तालुक्यात येतं. त्यामुळे हा प्रश्न मला घरचाच वाटला. आणि नकाशावर तो बरोबर आहे. वर्धा निघते मध्य प्रदेशात मुलताईजवळ, आमच्या जिल्ह्याची पश्चिमेची हद्द आखत खाली येते, पैनगंगेला सोबत घेते, मग चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. तिथून पुढे नाव प्राणहिता. आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. सगळी एकच वाट, पुलगाव ते थेट बंगालचा उपसागर.

तुम्हाला वाटत असेल की ही आपल्या मित्राची रात्री दोनची आयडिया आहे. तर नाही. ही आयडिया दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यावर इंग्रज सरकारने खरंच पैसा ओतला होता.

गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा इंजिनिअर सर आर्थर कॉटन. आडनावच कॉटन, आता काय बोलणार. त्याचं डोकं असं चाललं: विदर्भात, म्हणजे हिंगणघाट आणि वऱ्हाडात, उत्तम कापूस पिकतो. तो बैलगाडीने मुंबईला न्यायचा म्हणजे कित्येक आठवडे, धूळ आणि पाऊस. त्यापेक्षा वर्धेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून नावेने थेट पूर्व किनाऱ्याला न्या. अडचण फक्त तीन ठिकाणी, जिथे नदीच्या पात्रात मैलोन्मैल खडक आहे. दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमारी. इंग्रजांच्या कागदात यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडथळा म्हणतात. तिथे बंधारे आणि बाजूने कालवे काढायचे, की झालं.

काम सुरू झालं. १८६० मध्ये "अप्पर गोदावरी" नावाचा वेगळा जिल्हा तयार झाला, मुख्यालय सिरोंचा. म्हणजे आज ज्या सिरोंचाला जायला आपण दोनदा विचार करतो, ते एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. त्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे वर्धा करत नागपूरला पोहोचली आणि कापूस गाडीत बसून निघून गेला. नदीत पाणी वर्षातले मोजके महिने, खडक बारा महिने, खर्च वाढतच चाललेला. १८७१ मध्ये काम बंद. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा आजही आहे.

माझं मत विचाराल तर कॉटनचं नकाशावरचं गणित चुकलं नव्हतं. नदीला वेळापत्रक असतं, आणि ते रेल्वेसारखं आपण ठरवत नाही, एवढंच.

आता आजचं बघू. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्या यादीत पैनगंगा-वर्धाही आहे. ऐकून छाती फुगते, पण यादीत नाव येणं आणि बोट चालणं यात फरक आहे. ॲप स्टोअरवर नाव रजिस्टर केलं म्हणजे ॲप तयार झालं असं होत नाही ना, तसंच. गंगेवर आणि ब्रह्मपुत्रेवर सरकारी प्राधिकरण गाळ उपसतं, खोली मोजतं, वाट दाखवणाऱ्या खुणा लावतं. म्हणून २०२३ च्या जानेवारीत "गंगा विलास" ही ६२ मीटर लांबीची क्रूझ वाराणसीहून बांगलादेशातून दिब्रुगडला निघू शकली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर. भागाकार करा, दिवसाला सरासरी ६३ किलोमीटर. एवढं अंतर आपली लालपरी दीड-दोन तासांत कापते. आरामात जाणं म्हणतात ते हे. आणि त्या बोटीला पाण्याखाली फक्त १.४ मीटर लागतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या वर्धेत ते १.४ मीटर सलग कुठे मिळणार? डोह आहे तिथे माणूस बुडेल, आणि पन्नास पावलांवर रेतीतून बकऱ्या पलीकडे जातात. मध्ये बंधारे आहेत ते वेगळेच. उरतो पावसाळा, आणि पावसाळ्यात ही नदी खेळायची नाही. त्यावर पुढे येतो.

तर पुलगाव-सिरोंचा आज तरी नाही. पण प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला: "रात्री कुठेतरी थांबत थांबत." कारण नदीवरच्या प्रवासात दिवस सोपा असतो. खरी अक्कल लागते ती रात्री कुठे थांबायचं यात.

इथे आपली मराठी कामाला येते. बोट थांबवायच्या त्या लोखंडी वस्तूला आपण काय म्हणतो? नांगर. शेतात चालतो तोही नांगर. हा नुसता योगायोग समजू नका, काम एकच आहे: जमिनीत रुतणं. बहुतेकांना वाटतं नांगर वजनाने बोट धरून ठेवतो. लहान बोटीचा नांगर माणूस एका हाताने उचलतो, तो टनभर बोट वजनाने कशी धरेल? तो तळात घुसतो आणि जितकं आडवं ओढाल तितका जास्त घुसतो. बैल आडवं ओढतात म्हणून फाळ मातीत राहतो. हळस वर उचलली की फाळ बाहेर. बोटीच्या नांगराचंही अगदी तसंच. १९३३ मध्ये जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी एक नांगर बनवला, सीक्यूआर नावाचा. त्याचा आकार चक्क शेतातल्या नांगरासारखा आहे. आमच्या आजोबांना दाखवला असता तर म्हणाले असते, याला बैल कुठे जुंपायचे?

आता ओढ आडवी कशी ठेवायची? दोर लांब सोडून. नियम असा की पाण्याची खोली अधिक बोटीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, याच्या पाच ते सात पट दोर. समजा पाणी ३ मीटर, टोक १ मीटर वर. झाले ४. पाच पटीने २० मीटर, रात्र काढायची किंवा वारा असेल तर सात पटीने २८ मीटर. नवखा माणूस काय करतो? ३ मीटर पाण्यात ५ मीटर दोर सोडतो आणि झोपतो. सकाळी तो दुसऱ्याच गावात असतो. नांगराजवळ काही मीटर साखळी लावतात तीही याचसाठी, जड साखळी तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. सकाळी काढताना उलट करायचं: बोट बरोबर नांगराच्या डोक्यावर न्यायची आणि सरळ वर खेचायचं. सुटतो.

टाकायची पद्धत पण आहे. सिनेमातल्यासारखा गरगर फिरवून फेकायचा नाही. प्रवाहाकडे तोंड करून थांबायचं, नांगर हळू तळाला टेकवायचा, बोट मागे वाहू द्यायची, दोर सोडत जायचा, बांधायचा, मग इंजिन उलटं चालवून हिसका देऊन बघायचं. गाळ आणि रेती चांगली धरते. खडकावर नांगर एक तर घसरतो, नाही तर असा अडकतो की तिथेच सोडून यावं लागतं. आणि जलपर्णीच्या गुंत्यात तो गवतच गोळा करतो.

जागा निवडताना नदीचं वळण बघा. बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आणि काठ ढासळणारा. आतल्या बाजूला रेती आणि उथळ. सरळ, संथ पट्टा बरा. पुलाजवळ नको, बंधाऱ्याच्या वर-खाली नको, डोंगे जिथून ये-जा करतात त्या वाटेत नको. आणि मासेमारांची जाळी कुठे लागतात ते आधी विचारा.

हे जाळ्यांचं मला केरळात कळलं. ऑफिसचे आम्ही सहा जण अलप्पुळाला हाऊसबोटीवर गेलो होतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास चालकाने बोट काठाला लावली आणि दोर नारळाच्या झाडाला बांधला. आमच्यातला एक जण वैतागला, रात्रीचे पैसे दिले आणि बोट उभी? चालक दादांनी शांतपणे समोर हात दाखवला. छोट्या होड्या निघाल्या होत्या. रात्रभर पाणी मासेमारांचं असतं, हाऊसबोटीचा पंखा जाळ्यात गेला तर त्यांची कमाई गेली. म्हणून सकाळपर्यंत हाऊसबोटी हलत नाहीत. मला हा नियम फार आवडला. पर्यटकाला दिवस, मासेमाराला रात्र, पाणी तेच. ब्रह्मपुत्रेवर तर बोटी संध्याकाळी सरळ रेतीच्या चराला लावतात, खुंट ठोकून. ब्रिटनच्या कालव्यांवर वेग ताशी ४ मैल, साधारणपणे एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस, मग पुढे सरका.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. नांगर घसरतोय हे झोपेत कसं कळणार? मोबाईलवर यासाठी ॲप असतात. नांगर टाकला ती जागा नोंदवायची, भोवती वर्तुळ आखायचं, बोट बाहेर गेली की भोंगा. डिलिव्हरीवाला "जवळ आलाय" असं सांगतो तेच तंत्र, उलट्या बाजूने. पण वर्तुळ केवढं? २८ मीटर दोर आणि ८ मीटर बोट, म्हणजे वारा फिरला तर बोटीचं शेपूट ३६ मीटरपर्यंत झुलू शकतं. त्यात फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडे-तिकडे दाखवतं. वर्तुळ लहान ठेवलं तर भोंगा रात्रभर वाजतो आणि तिसऱ्या वेळी तुम्ही वैतागून बंद करता, मग खरा प्रसंग येतो. कोड लिहिणाऱ्याने एका रीडिंगवर भोंगा वाजवू नये, सलग तीन-चार बाहेर आली तरच वाजवावा. आणि फोन चार्जरला लावा, नाही तर पहाटे तीनला बॅटरीच घसरलेली असते.

ॲपच्या आधीची पद्धत अजून भारी आहे. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, समजा जवळचं बाभळीचं झाड आणि मागची पाण्याची टाकी. टाकी झाडाच्या मागून बाहेर सरकली की बोट सरकली. याला चार्जिंग लागत नाही. रात्रीसाठी काठावरचे दोन दिवे धरा. आणि तुमच्या बोटीवर चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पाहिजेच. तो दुसऱ्यांसाठी असतो.

कोकणात गेलात तर एक जास्तीची भानगड: भरती-ओहोटी. तारकर्लीला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे पाणी साधारण सव्वासहा तासांनी दिशा बदलतं, म्हणजे बोट रात्रीत पूर्ण फिरते. आणि खोलीही बदलते. ओहोटीला २ मीटर पाणी बघून, टोकाचं १ मीटर धरून तुम्ही पाच पट म्हणजे १५ मीटर दोर सोडलात. भरतीला पाणी समजा २ मीटरने वाढलं. आता ४ अधिक १ म्हणजे ५, आणि दोर तोच १५. पाच पटीचं तीन पट झालं, तुम्ही झोपेत असताना. म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या पाण्याचा करायचा. उलट, बोट तळाला टेकेल का हे बघायला ओहोटीचं पाणी धरायचं.

आपल्या नदीला भरती नाही, पण तिच्यापेक्षा वाईट गोष्ट आहे. वर धरणं आहेत. मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, पाऊस पडतो वर कुठेतरी, दारं उघडतात, आणि पाणी रात्री येतं. भरतीचं वेळापत्रक महिनाभर आधी मिळतं, हे मिळत नाही. म्हणून पात्रातल्या रेतीच्या बेटावर तंबू ठोकून "रात्रीचा कॅम्प" करायचे जे रील फिरतात, ते धरणाच्या खालच्या नदीत पावसाळ्याच्या दिवसांत करू नका. २०२१ च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यात याच वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. भरदिवसा. नदी तीच, जी आपण पुलावरून खिडकीतून बघतो.

तेव्हा मित्रा, तुझ्या चार जणांसाठी माझं उत्तर असं. बोटीवर रात्र काढायचीच तर पहिली रात्र केरळात काढ, जिथे चालकाला तळ पाठ आहे. बुकिंगच्या वेळी एसी आणि जेवणाच्या आधी तीन गोष्टी विचार: बोटीची नोंदणी आणि परवाना, प्रत्येकाला लाईफ जॅकेट, आणि रात्री बोट नेमकी कुठे लावणार. तिसऱ्या प्रश्नाला "बघू तिथे गेल्यावर" असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघ. जमलं तर दोर कसा बांधतात ते चालकाकडून शिकून घे, ते लोक आनंदाने दाखवतात.

आणि सिरोंचाला गाडीने जा, हिवाळ्यात. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम आहे, पलीकडे तेलंगणात काळेश्वरम. तिथून खाली मेडिगड्डाचा बॅरेज. संगमावर उभा राहून वर, उत्तरेकडे बघ. हिंगणघाटच्या कापसाच्या नावा तिकडून यायच्या होत्या.

पुढच्या भागात दुसऱ्या एका ऐकणारीचा प्रश्न घेतोय: खेड्यात नेटवर्क एका भिंतीजवळच का येतं? तोवर भेटू.