तिसऱ्या आठ तासांचे संगीत

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने मांडली त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. आम्ही कामगार-चळवळीत तीस वर्षे काढली, ती बहुतेक पहिल्या आठ तासांच्या भांडणात. दुसऱ्या आठांसाठीही थोडेफार झगडलो. पण तिसऱ्या आठ तासांचे करायचे काय, हा प्रश्न आम्ही कधी नीट विचारलाच नाही. तो आमच्यापुढे उभा केला लंडनच्या एका लहानशा वाद्यवृंदाने. त्याचे नाव ‘पेंग्विन कॅफे ऑर्केस्ट्रा’. संगीताचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. जे कळले ते ऐकून आणि वाचून कळले. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम ह्या संगीताची जात ओळखून घेऊ. पाश्चात्त्यांकडे ‘चेंबर म्युझिक’ नावाचा प्रकार आहे. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या ऑर्केस्ट्रात पुष्कळ व्हायोलिने एकच ओळ वाजवतात आणि पुढे छडी घेऊन संचालक उभा असतो. खोलीतल्या संगीतात वादक मोजके, प्रत्येकाचे काम निराळे आणि छडीवाला नाही. एकमेकांकडे पाहून वाजवायचे. आपल्याकडील बैठकीची आठवण व्हावी असा हा प्रकार. उलट ‘पॉप’ म्हणजे चटकन तोंडी बसणारे, तीन-चार मिनिटांत आटोपणारे लोकप्रिय संगीत. ह्या दोहोंची सांगड घालून जे निघाले त्याला ‘चेंबर पॉप’ म्हणतात. आमचा हा वृंद त्याच आळीतला. व्हायोलिन आणि चेलोच्या शेजारी गिटार आणि चिमुकली उकुलेली बसवणारा, आणि बहुतेक वेळा शब्दांवाचून बोलणारा.

ह्याचा जनक सायमन जेफ्स. जन्म १९४९ चा. गिटारचे शास्त्रोक्त शिक्षण त्याने घेतले. पण विद्यालयातील शिस्तीत त्याचे मन रमले नाही आणि रॉक संगीतातही रमले नाही. १९७२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर असताना बिघडलेली मासळी खाऊन तो आजारी पडला. तापाच्या ग्लानीत त्याला एक भली मोठी इमारत दिसली. खोलीखोलीत माणसे होती, पण कोणाचा कोणाशी संबंध नव्हता. आणि एक विजेचा डोळा सगळ्यांवर फिरत होता. ताप उतरल्यावर समुद्रकाठी त्याच्या मनात दुसरेच चित्र आले: पेंग्विन कॅफे नावाचे एक उपाहारगृह, जिथे अवचित, अनपेक्षित आणि हिशेबात न बसणाऱ्या गोष्टींना जागा आहे. त्या डोळ्याला आवडणार नाहीत अशाच ह्या गोष्टी.

हे वाचले तेव्हा आम्ही चमकलो. आज आमच्या कारखान्यांतून तो डोळा भिंतीवर बसलेला आहे. कामगार पाणी प्यायला किती वेळा उठला हेही तो टिपतो. जेफ्सला जे तापात दिसले, ते आम्हांला उघड्या डोळ्यांनी दिसते आहे.

कल्पना सुचणे सोपे, संघटना उभी करणे कठीण. जेफ्सने चेलोवादक हेलन लीबमन हिच्यासह वृंदाची सुरुवात केली. व्हायोलिन, व्हायोला आणि विजेचा पियानो वाजवणारे मित्र येत-जात राहिले. पहिली तबकडी १९७६ साली निघाली, ती ब्रायन ईनो ह्या संगीतकाराने चालवलेल्या ‘ऑब्स्क्युअर’ मालिकेत. त्याच वर्षी लंडनच्या ‘राउंडहाउस’ सभागृहात ‘क्राफ्टवर्क’ ह्या जर्मन यंत्रसंगीतवाल्यांच्या आधी ह्या मंडळींनी आपला पहिला मोठा कार्यक्रम केला. नंतर १९८१, १९८४, १९८७ आणि १९९३ अशा आणखी चार मुख्य तबकड्या झाल्या. शेवटचीचे नाव ‘युनियन कॅफे’. युनियन हा शब्द वाचून आमचे कान टवकारले. पण तिथे ना वर्गणीची पावती, ना मोर्चा! तीत जॉन केज ह्या संगीतकाराला वाहिलेली एक रचना आहे. केज १९९२ साली वारला. पाश्चात्त्य स्वरांना अक्षरांची नावे असतात. ‘केज डेड’ हे दोन शब्द इंग्रजीत लिहिले तर त्यांतले प्रत्येक अक्षर एकेका स्वराचे नाव ठरते. त्याच आठ स्वरांवर जेफ्सने ती रचना बांधली.

ह्या संगीताचे काम कसे चालते, हे एका उदाहरणाने सांगतो. एकदा जेफ्स फोन लावत असता यंत्रणेत काही बिघाड झाला आणि घंटेचा आवाज व लाइन व्यस्त असल्याचा आवाज, असे दोन्ही एकदम ऐकू येऊ लागले. दुसरा कोणी चिडून फोन आपटता. ह्याने तो आवाज ध्वनिमुद्रित केला, फितीचे टोकाला टोक जोडल्याप्रमाणे तो पुनःपुन्हा फिरता ठेवला, त्याच्यासोबत रबराचे कडे ताणून वाजवले आणि वर व्हायोलिन वगैरे वाद्ये बसवली. १९८१ च्या तबकडीतली ही ‘टेलिफोन आणि रबर बँड’ नावाची रचना. फिरता आवाज ठेक्याचे काम करतो, आणि वाद्ये त्याच्याशी भांडत नाहीत, त्याला सामावून घेतात. गंमत अशी की नव्वदीच्या दशकात एका मोबाइल फोन कंपनीने हीच रचना जाहिरातीसाठी घेतली. फोनच्या बिघाडातून निघालेले संगीत फोन विकायला लागले! बाजाराचा हा डोळाही काही कमी नाही.

दुसरे उदाहरण आमच्या अधिक जवळचे. १९८२ साली जपानचा दौरा आटोपल्यावर जेफ्स क्योतो शहरात राहिला होता. तिथे एका गल्लीत कोणीतरी टाकून दिलेली हार्मोनियम त्याला सापडली. ती त्याने एका स्नेह्याच्या घरी नेऊन ठेवली आणि तीवर एक चाल बांधली. ‘सापडलेल्या हार्मोनियमसाठी संगीत’ असे तिचे नाव. १९८४ च्या तबकडीत ती आहे.

हार्मोनियम म्हणजे आपली पेटी. देबँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४२ साली पॅरिसात तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे येऊन ती भजनात बसली, नाटकात बसली; गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला बोलते केले. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली, आणि ती सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. टाकून दिले जाण्याचा अनुभव पेटीला नवा नाही.

इथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या कारखान्याला टाळे लागले, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने घरातले शिलाई-यंत्र विकले, सायकल विकली, बायकोच्या पाटल्या मोडल्या. पेटी मात्र विकली नाही. आम्ही त्याला चारचौघांत बोललो, “पोरांच्या पोटापेक्षा पेटी मोठी का?” तो म्हणाला, “दादा, बाकी सगळे मालकाने ठरवले. हे एक माझे राहू द्या.” आम्ही तेव्हा त्याला वेड्यात काढले.

आता आक्षेपाकडे वळू. हा वृंद खरोखर सर्वांचा होता काय? नव्हता. रचना जवळजवळ सगळ्या जेफ्सच्या आणि निर्णयही त्याचाच. वादक आपापल्या जागी स्वतंत्र दिसतात, पण ती जागा त्याने आखलेली. त्यामुळे ११ डिसेंबर १९९७ रोजी मेंदूतील गाठीने जेफ्स वारला तेव्हा वृंदही थांबला. २००७ साली जुने वादक त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये पुन्हा एकत्र आले. नंतर त्याचा मुलगा आर्थर ह्याने २००९ साली नव्या वादकांसह ‘पेंग्विन कॅफे’ सुरू केला. जुन्यांपैकी काहीजण वेगळ्या नावाने वाजवू लागले. एका पुढाऱ्यावर उभी असलेली संघटना त्याच्यामागे कशी होते, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी सांगायला नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. क्योतोच्या गल्लीतली ती चाल आयर्लंडात पोहोचली. १९९० साली ‘पॅट्रिक स्ट्रीट’ ह्या आयरिश मंडळींनी ती मुद्रित केली आणि तिथल्या पारंपरिक वादकांनी ती आपल्या नाचाच्या चालींत मिसळून घेतली. अशा चाली शिकायला कोणाचे सभासदत्व लागत नाही. एकाचे ऐकून दुसरा उचलतो. वृंद एका माणसाचा होता, चाल मात्र लोकांची झाली.

तेव्हा तिसऱ्या आठ तासांचे करायचे काय, ह्याचे आमच्यापुरते उत्तर असे: ज्याचा हिशेब कोणालाही द्यावा लागत नाही, असे काहीतरी करायचे. पगाराची मागणी पोटासाठी आहे, हे खरेच. पण वेळेची मागणी ह्यासाठी आहे. इतकी वर्षे सभांतून ती मागणी आम्ही घसा फोडून मांडली, आणि तिचा अर्थ आमच्या सहकाऱ्याला आमच्या आधी कळला होता. गेल्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो. माळ्यावरची पेटी खाली आली आहे, नात वाजवते. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि नातीला म्हणाला, “दादांना ऐकव गं काहीतरी.”