यंत्रांतील स्वर आणि गणितांतील स्वर

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साहाय्यानें नवे स्वर घडविणारें वाद्य, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तें प्रत्यक्ष पेटीच्या रूपानें असावें, कीं संगणकांतील प्लगिनच्या रूपानें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. मुलाला किंवा मुलीला असें वाद्य घेऊन देऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें हा केवळ रुचीचा प्रश्न नसतो. घरांतील पुष्कळशी शिल्लक त्यांत गुंतावयाची असते. म्हणून दोन नामांकित वाद्यांच्या आधारें त्याचा विचार करणें सोईचें होईल.

पहिलें वाद्य, अमेरिकेंतील रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यांतून १९७० सालीं बाहेर पडलेलें मिनिमूग. त्याला ४४ पट्ट्या असून एका वेळीं एकच स्वर वाजतो. आंतील तीन आंदोलक विजेच्या लहरी उत्पन्न करतात. या लहरी मूळच्या कर्कश असतात. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें रचून केलेली गाळणी त्यांतील उंच अंशस्वर कमी करते, आणि नाद मृदु होतो. उष्णता वाढली कीं आंदोलक किंचित् सरकतात. पावसाळी हवेंत तंबोरा उतरावा, तशांतलाच हा प्रकार. पण त्या बारीक फरकामुळेंच स्वराला जिवंतपणा येतो.

दुसरें वाद्य, जपानच्या यामाहा कंपनीचें १९८३ सालचें डीएक्स-७. एका लहरीनें दुसरीची कंपनसंख्या वेगानें हलविली, तर नवे अंशस्वर उत्पन्न होतात, हें स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चौनिंग यांना १९६७ मध्यें आढळून आलें. त्या तत्त्वावर येथें सहा लहरींची ३२ प्रकारें जोडणी करतां येते. पण या लहरी विजेच्या नव्हेत, आंकड्यांच्या आहेत.

वादाची खरी मेख येथेंच आहे. डीएक्स-७ बाहेरून पेटीसारखें दिसलें, तरी आंतून तो लहानसा संगणकच. त्याचें गणित घरच्या संगणकांत उतरविणें म्हणजे एका वहींतलें उदाहरण दुसऱ्या वहींत लिहिण्यासारखें आहे. डेक्स्ड हें विनामूल्य प्लगिन तर मूळ वाद्यासाठीं केलेले स्वरसंचही वाचतें. मुख्य फरक उरतो तो आंकड्यांपासून विजेची लहर बनविणाऱ्या शेवटच्या भागाचा. मिनिमूगचें तसें नाहीं. तेथें ट्रान्झिस्टरांचें वर्तनच समीकरणांत बसवावें लागतें. शिवाय संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने मोजीत असेल, तर २२,०५० कंपनांहून उंच अंशस्वर त्यांत मावत नाहींत. काळजी न घेतल्यास ते खालीं दुमडून बेसूर ऐकूं येतात. चांगलें प्लगिन अधिक नमुने घेऊन हा दोष टाळतें, आणि संगणकाचे श्रम तेवढे वाढतात.

वाजविणाऱ्याला विलंबाचीही अडचण असते. संगणक नमुन्यांचा एकेक गठ्ठा पुरा करून बाहेर सोडतो. २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्यास सुमारें ६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ध्वनि हवेंतून दोनच मीटर जातो, म्हणून तो विलंब सहसा जाणवत नाहीं. १,०२४ नमुन्यांस मात्र २३ मिलिसेकंद लागतात, आणि बोट व कान यांची फारकत होऊं लागते.

टिकाऊपणाच्या बाबतींत दोन्ही पक्ष सारखेच नश्वर आहेत. पेटीचीं बटणें झिजतात. डीएक्स-७ मधील बॅटरी संपली, कीं सांठविलेले स्वर नाहींसे होतात. पण कारागीर तें वाद्य दुरुस्त करूं शकतो. प्लगिन झिजत नाहीं. मात्र संगणकाची प्रणाली बदलली, कीं तें एका दिवसांत मुकें होऊं शकतें. ॲपलच्या २०१९ सालच्या कॅटालिना प्रणालीनें ३२-बिट कार्यक्रम चालविणें बंद केलें, तेव्हां जुन्या प्लगिनांची हीच गत झाली.

तेव्हां नवशिक्याच्या घरीं संगणक असेल, तर साधा मिडी कळफलक आणि एखादें विनामूल्य प्लगिन यांनीं आरंभ करणें शहाणपणाचें. डीएक्स-७ चें अवघड गणित तर पेटीवरील इवल्याशा पट्टीपेक्षां संगणकाच्या पडद्यावरच अधिक सुलभ होतें. धोका एवढाच, कीं शेंकडों तयार स्वर हाताशीं असल्यावर स्वर घडविण्याऐवजीं निवडण्याचीच संवय जडते. मिनिमूगवर बहुतेक प्रत्येक खुंटीला आपलें ठराविक काम असतें, आणि ती फिरवितांच फरक कानीं येतो. पडद्यावरही एका वेळीं एकच खुंटी फिरवून काय बदललें हें ऐकण्याची शिस्त मुलानें लावून घेतली, तर पुढें पेटी घ्यावयाची कीं नाहीं, हें त्याचा कानच सांगेल.