‘सुरक्षित’ म्हणजे कशापासून सुरक्षित?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की ‘ही पद्धत सुरक्षित आहे’ हे वाक्य हातून सहज लिहून जातं. आज या शब्दाकडेच जरा नीट बघूया.

मूळ संस्कृत धातू ‘रक्ष्’, म्हणजे राखणे, सांभाळणे. त्याला ‘त’ प्रत्यय लागून ‘रक्षित’ झालं आणि आधी ‘सु’ लागून ‘सुरक्षित’, म्हणजे चांगलं राखलेलं. याच धातूपासून प्राकृतमार्गे आपलं ‘राखणे’ आलं. शेताची राखण करणारा राखणदार हा ‘सुरक्षित’ शब्दाचा जवळचा नातेवाईक!

आता गंमत बघा. राखण म्हटली की दोन प्रश्न येतातच: राखायचं काय आणि कशापासून? पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.२५) यासाठी नियमच दिलाय. भिणे आणि राखणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याची भीती आहे ते अपादान होतं, म्हणून त्याला पंचमी लागते. मराठीत आपण ‘पासून’ म्हणतो. ‘सुरक्षित’ हे विशेषण एकटं वापरलं की नेमकं हे ‘पासून’ गळून पडतं.

याने गोंधळ कसा होतो? १९६६ साली स्थापन झालेली, कारखान्यांतले अपघात टाळण्यासाठी काम करणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा परिषद. आणि १९९८ साली स्थापन झालेली, देशाच्या संरक्षणाचा विचार करणारी, तीही राष्ट्रीय सुरक्षा परिषदच! एकीत धोका अपघाताचा, दुसरीत शत्रूचा. इंग्रजीत यासाठी ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन शब्द आहेत. आपण दोन्हींना ‘सुरक्षा’ म्हणतो.

लॅबमध्ये मात्र हा गोंधळ महागात पडू शकतो. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनार एअर फ्लोमध्ये गाळलेली हवा प्लेटवरून थेट तुमच्या तोंडाकडे येते. म्हणजे प्लेट तुमच्यापासून सुरक्षित, पण तुम्ही प्लेटपासून अजिबात नाही. फ्यूम हूड तुम्हाला वाफांपासून वाचवतो, नमुन्याला धुळीपासून नाही. रोगजंतूंवर काम करताना दोघांचीही राखण हवी असते, म्हणून क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. दिसायला तिन्ही काचेची कपाटंच, आणि ‘सुरक्षित’ तर तिन्हींना म्हणतात.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सुरक्षित’ लिहिलंत की तिथेच थांबा आणि वाक्य पूर्ण करा: कोण, कशापासून, किती मात्रेपर्यंत, किती वेळ? उत्तर देता आलं नाही, तर तो शब्द खोडा आणि आधी उत्तर शोधा. व्हायवात परीक्षक हेच विचारतील. त्याआधी तुम्हीच स्वतःला विचारलेलं बरं.