टोच पडलेल्या अंड्याला हात लावू नका!

गाय व्यायला झाली की घरचे सारे रात्र जागून काढतात. कोंबडी मात्र टोपल्यात बसली की बसली. तिच्याकडे पाहतो कोण? मग एकविसाव्या दिवशी बारा अंड्यांतून सात पिल्ले निघतात, त्यांतली दोन पहिल्याच रात्री गारठून जातात आणि आपण नशिबाला बोल लावतो. बंधू-भगिनींनो, यात नशिबाचा भाग थोडा, आपल्या हाताचाच जास्त.

खुडूक कोंबडी बसवायची ती दसऱ्यापासून होळीच्या आत. आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा हवेत कोंबडीखाली न घालताही अंड्यातला जीव अर्धवट वाढतो आणि मरतो. आभाळ गरजले म्हणून अंडी बिघडली, असे सांगून काही घरी टोपल्यात लोखंडाचा खिळा ठेवतात. ठेवा बापडे, पण अंडी बिघडली ती उन्हाने! बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ती चांगली राहतात.

गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. अंगावर उवा असतील तर ती स्वस्थ बसत नाही, म्हणून आधी तिला राखेत लोळू द्यावे. दाणापाणी टोपल्याजवळच असावे. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे टॉर्चवर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. नुसता उजेड आरपार दिसला तर ते अंडे काढून घ्या.

आता खरी परीक्षा. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू आतून टोच मारते आणि मग तासन्‌तास गप्प राहते. इथेच आपला जीव राहत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी उमरेड तालुक्यातल्या एका घरी माझेही तसेच झाले. कृषी पदवीधर मी, पिल्लू अडकले असे समजून नखाने कवच सोलले. रक्ताचा थेंब आला आणि तासाभरात पिल्लू गेले. घरची म्हातारी एवढेच म्हणाली, "साहेब, त्याची येळ झाली नोती."

तिचे बरोबर होते. टोच पडली तरी कवचाच्या आतल्या पापुद्र्यातून रक्त खेळत असते आणि उरलेला पिवळा बलक पिल्लू पोटात ओढून घेत असते. याला बारा ते चोवीस तास लागतात. तोवर हात लावू नका. चोवीस तास उलटून पापुद्रा वाळून चिकटला असेल, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तो ओला करा आणि टोचेभोवतीचे कवच कणाकणाने काढा. रक्त दिसले की थांबा.

बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र ऊब द्यायला उशीर नको. अशक्त पिल्लू ओलेच कोपऱ्यात पडले तर डिसेंबरच्या रात्री टिकत नाही. ते मऊ फडक्याने टिपून टोपलीत ठेवा आणि वर 40 वॅटचा जुना तारेचा बल्ब टांगा. हल्लीचा एलईडी बल्ब उजेड देतो, पण ऊब देत नाही. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पिल्लू बल्बखाली अंग चोरून बसले तर बल्ब खाली घ्या. चोच उघडून धापा टाकू लागले तर वर घ्या. खाण्याची घाई नको, पोटातला बलक त्याला दोन दिवस पुरतो. अंग वाळल्यावर गुळाच्या कोमट पाण्याचा थेंब चोचीच्या कडेला लावा, घशात ओतू नका. नंतर बारीक कणी द्या.

खाली गुळगुळीत कागद कधी घालू नये, त्यावर पाय फाकतात. गोणपाट बरे. पाय फाकलेच तर दोन्ही पायांना कापडाची पट्टी सैल बांधून दोन-तीन दिवस ठेवा. मागची जागा विष्ठेने चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा, नाहीतर पिल्लू कोंडून मरते. आणि सातव्या दिवसापर्यंत पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लासोटा लस डोळ्यात एक थेंब घालून घ्या.

पिल्लू तरतरीत झाले की ते आईकडे दिवसा सोडू नका, ती टोचून काढते. रात्री अंधारात, इतर पिल्ले झोपली असताना, हळूच तिच्या पंखाखाली सरकवा.