शाकारणी ते स्लॅब: दीडशे वर्षांतली छपरे

कोकणात मे महिना उजाडला की एके काळी घरोघरी शाकारणीची घाई सुरू होई. ऐपतदार घरांवर नळे, गरिबाच्या खोपीवर भाताचा पेंढा किंवा गवत, किनाऱ्यालगत माडाच्या झावळ्यांची झापे. मृगाच्या आत सगळे उलगडून पुन्हा रचायचे. नळे गावचा कुंभार चाकावर घडवी. ओले नळकांडे उभे चिरून त्याचे दोन भाग करायचे, भाजायचे आणि छपरावर एक उताणा, एक पालथा असे मांडायचे. पण नळ्याला नळा धरून ठेवणारे काहीच नसे. वाऱ्याने, मांजराने, वानराने ते सरकत आणि घरात गळू लागे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात चार महिन्यांत 3 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथे पाखी उतरती ठेवावी आणि दरवर्षी नळे परतावेत, याला इलाज नव्हता.

इलाज आला मंगळुरूहून. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये तिथे कौलांचा कारखाना उभा केला. नेत्रावतीकाठची चिकणमाती, यंत्राच्या दाबाने पाडलेला एकसारखा साचा आणि नीट भाजणी यांतून मंगलोरी कौल तयार झाले. पाठोपाठ 1868 मध्ये अल्बुकर्क यांची कंपनी निघाली. समुद्रमार्गाने ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पोहोचू लागली.

जुन्या घराचे एखादे कौल उतरवून पाहिले की त्याची करामत कळते. कडेला खाच आणि कंगोरा असतो, त्यामुळे एक कौल शेजारच्यात अडकते. पाठीला पुढे आलेली गाठ असते, ती रिपेला धरते. मधोमध कारखान्याची मुद्रा, काहींवर ‘1865’ हे साल आजही ठळक वाचता येते. चौरस मीटरला सुमारे 15 कौले लागतात, एकेकाचे वजन अडीच-तीन किलो. सांध्यांतून पाणी आत येत नाही, आतली गरम हवा मात्र बाहेर निघून जाते. फुटलेले तेवढे एकच कौल बदलता येते. दमट, पावसाळी मुलखासाठी याहून चांगले छप्पर आजवर क्वचितच झाले असेल.

मराठवाड्याने वेगळी वाट धरली होती. पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर अंथरूण. गळू लागले की आणखी माती टाकायची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. थर वाढत काही घरांत अर्ध्या मीटरवर गेला. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर अर्धा मीटर माती म्हणजे सुमारे 7 टन वजन!

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. चिखलात रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि ते वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे 8 हजार माणसे गेली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काही घरांच्या भिंती ढासळूनही छत उभे राहिले. नंतरच्या पुनर्वसनात उभ्या असलेल्या घरांवरची माती कमी करण्यावर भर देण्यात आला. अनेकांचा मात्र माळवदावरचा विश्वासच उडाला आणि गावोगावी पत्रे आले. भीती गेली, पण दुपार असह्य झाली.

सिमेंटचा पत्रा त्याआधीच सर्वत्र पोहोचला होता. चाळी, गोठे, गोदामे, शाळा, सगळीकडे तो दिसे. स्वस्त, हलका, गंज नाही. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्यास कर्करोग होऊ शकतो, हे आता जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. असे जुने पत्रे कापणे, फोडणे, घासणे टाळायलाच हवे.

मग स्लॅब आला. चाकरमान्याने मुंबईहून पैसे पाठवले की कौलारू घर पाडून सपाट छताचे घर उभे राही. त्यात प्रतिष्ठा होती आणि वानरांपासून सुटकाही. पण मुसळधार पावसात सपाट छतावर पाणी साचते, बारीक भेगांतून मुरते, आतली सळई गंजते आणि सिमेंटचे पोपडे सुटू लागतात. त्यामुळे आज कोकणात कितीतरी स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रे चढलेले दिसतात. आजोबांच्या घराचा उतार नातवाला दुसऱ्यांदा खर्च करून परत आणावा लागतो आहे.

पत्र्याची परीक्षा 3 जून 2020 ला झाली. ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनारपट्टीत पत्रे उडाले, कौले फुटली. पत्रा हलका असतो. त्याच्या कडेखाली वारा शिरला की तो वर उचलला जातो. म्हणून जाडीइतकेच महत्त्व बोल्टांना आहे. वळचण, आढे आणि कोपरे यांच्याजवळ ते जवळजवळ हवेत, आणि सांगाडाही भिंतीत पक्का जखडलेला हवा.

कोकणात आज घर बांधणाऱ्याने तीसेक अंशांचा उतार पहिल्याच नकाशात मागावा. वर कौले घातली तर वळचणीची आणि आढ्याची कौले तारेने बांधून घ्यावीत. लातूर-धाराशिवकडे हलके छप्पर हवे, पण पत्र्याखाली छत आणि मधल्या पोकळीत वारा खेळायला दोन्ही बाजूंनी झरोके हवेत. स्लॅबच घालायचा असेल, तर पाणी वाहून जाण्यापुरता ढाळ आणि वर पांढरा लेप यांचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावा.